एका वाटीपुरतं मशिन

बायकोच्या नाकातली नळी काढली त्या दिवशी बार्शीच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "आता सगळं तोंडानं द्यायचं. पण पातळ. एक कण राहता कामा नये. अडकलं तर ठसका लागेल, आणि दोन-चार वेळा ठसका लागला की त्या खायचंच सोडून देतील."

तिच्या गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. मग रेडिएशनचे शेक झाले. जबड्याचा एक भाग काढला होता आणि उरलेलं तोंड चमचा आडवा जाईल एवढंसुद्धा उघडत नव्हतं. तिचं बोलणं मला कळायचं. दुसऱ्या कुणाला कळायचं नाही, म्हणून तिनं दुसऱ्या कुणाशी बोलणं सोडूनच दिलं होतं.

केजला आमचं दोन खोल्यांचं घर. मुलगी लग्न होऊन पुण्याला. मी सहकारी दूध संघाच्या शीतकरण केंद्रावर फॅट काढायचं काम करत होतो. म्हणजे गावोगावच्या सोसायट्यांचं दूध आलं की त्याचा नमुना घेऊन त्यात स्निग्धांश किती आहे ते बघायचं. पण त्या साली मांजरा धरण तळाला गेलेलं, जनावरं छावणीवर गेलेली, आणि जी उरली होती त्यांच्या सडात काही नव्हतं. सकाळी एखादा टेम्पो यायचा, त्यातले निम्मे कॅन रिकामे. दहा वाजेपर्यंत काम संपायचं. मग आम्ही माणसं नुसती बसून असायचो. केंद्र बंद होणार असं सगळे म्हणायचे, आणि बंद काही होत नव्हतं.

शेजारी एक धनगराचं घर होतं. त्या घरातली बाई आणि माझी बायको यांचं रोज दुपारी ओट्यावर बसणं असायचं. आजारपणातही ती बाई येऊन नुसती शेजारी बसायची, एकटीच बोलायची. पण पाण्यापायी त्यांनीही मेंढरं हाकली आणि गोदाकाठाला गेले. जाताना ती दारात येऊन म्हणाली, "वैनी, पाऊस पडला की येतोच आमी." बायकोनं मान हलवली. ती गेल्यावर ओट्याकडचं दार बंद करून घेतलं.

घरातला जुना मिक्सर कमीजास्त व्होल्टेजनं केव्हाच जळाला होता. सुरुवातीला मी हातानंच करायचो. वरणात भाकर कुस्करायची, दूध घालायचं, वाटीच्या बुडानं घोटायचं आणि चहाच्या गाळणीतून चमच्यानं दाबून काढायचं. अर्धी सकाळ त्यात जायची आणि हाताला लागायचं एवढंसं. ज्वारीचा कोंडा काही केल्या राहायचाच. एकदा तो तिच्या घशाला लागला आणि ती इतकी खोकली, की तोंडातल्या जखमेतून रक्त आलं. त्यानंतर सबंध दिवस तिनं वाटी हातात घेतली नाही.

मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही सरळ फूड प्रोसेसर घ्या. नुसता मिक्सर नको. त्यात कणीक मळता येते, भाज्या कापता येतात, किसता येतं. तुम्हालाच करावं लागतंय सगळं. तेवढंच हलकं होईल."

कर्मचाऱ्यांच्या सोसायटीचं ग्राहक भांडार होतं, तिथं आधी गेलो. एरवी तिथं साबणापासून गोदरेजच्या कपाटापर्यंत सगळं मिळायचं. आता मांडण्या रिकाम्या. कोपऱ्यात फूड प्रोसेसरचं एकच खोकं होतं, त्यावर धूळ. भांडारवाला माझ्याच ओळखीचा. त्यानं खोकं फडक्यानं पुसलं आणि म्हणाला, "लगीनसराई झालीच न्हाई औंदा. कुणी घेईना. तुमाला कावून पायजे?"

"घरात लागतंय," मी म्हणालो. बायकोच्या आजाराचं त्याला माहीत होतं. पण तिला आता कसं खाऊ घालावं लागतं, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तिला ते आवडलं नसतं.

त्यानं ते उघडलं. मोठं पारदर्शक भांडं, त्याला वरून झाकण, झाकणाला नळकांडं, आत घालायच्या पात्यांच्या चकत्या, मळायचं पातं, रबराच्या रिंगा. मी एकेक वस्तू उचलून बघायला लागलो. आयुष्यभर दुधाची भांडी धुतलेला माणूस मी. कुठं खाच आहे, कुठं दूध साचून आंबेल, ते माझ्या बोटाला आपोआप कळतं. या भांड्याला खाचाच खाचा होत्या.

"हे धुवायला पाणी किती लागंल?" मी विचारलं.

तो हसला. "आजवर समदे मोटर केवढी ते इचारतेत. पाणी किती लागंल हे पयल्यांदा कुणी इचारलं." मग हसणं थांबवून म्हणाला, "खरं हाय म्हना. टँकर कवा यील त्याचा नेम न्हाई."

आमच्या गल्लीत टँकर यायचा तेव्हा घरातली सगळी भांडी बाहेर निघायची, आणि मग पुढचा येईपर्यंत त्याच पाण्यात सगळं भागवायचं. तिला गुळण्या करायला उकळून गार केलेलं पाणी वेगळं लागायचं. ते कधी कमी पडू द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं. त्यातून मशिनच्या चकत्या धुवायला पाणी कुठून आणायचं? ते खोकं मी तिथंच ठेवून आलो.

मेन रोडवर मिक्सर-गिझरचं एक दुकान होतं. दुसऱ्या दिवशी केंद्रावरून परस्पर तिकडे गेलो. जाताना एक गोष्ट केली. सकाळीच वरणात भाकर भिजवून डब्यात भरली आणि चहाची गाळणी कागदात गुंडाळून पिशवीत टाकली. नुसतं दाखवलेलं बघून मला काही कळणार नव्हतं.

दुकानदार तरुण, बोलायला गोड. "या काका. घरात माणसं किती?"

"दोन."

"दोनच? मग कशाला एवढं मोठं बघताय?"

मुलीनं सांगितलं म्हणून, असं म्हणालो. त्यानं एक मोठं मशिन काउंटरवर ठेवलं, टोपलीतलं गाजर आत टाकलं आणि क्षणात किसून दाखवलं. कांदा कापून दाखवला. शेजारी एक नवराबायको फ्रिज बघत होते, तेही कौतुकानं बघायला लागले. मी डबा काढला.

"हे वाटून बघता का?"

त्यानं डब्यात डोकावलं. भिजलेली भाकर फुगून वर आली होती. त्यानं भांड्यातला कीस, कांदा काढून घेतला. मग, "टाका," म्हणाला.

मी निम्मा डबा भांड्यात ओतला. मशिन मोठ्यानं गरगरलं. थांबवून बघतो तर भाकर सगळी भांड्याच्या कडेला चिकटलेली आणि पातं मोकळंच फिरतंय. त्यानं चमच्यानं खाली लोटलं, परत चालू केलं. तेच. मी गाळणीत थोडं घेतलं. वर कोंडा तसाच राहिला.

"काका, एवढ्याशाला हे मशिन काम नाही करत," तो म्हणाला. "याला चार-पाच माणसांचं लागतं. भांडं निम्मं तरी भरलं पाहिजे, तरच खालचं पातं धरतं."

फ्रिज बघणारी बाई माझ्या हातातल्या गाळणीकडे बघत होती. तिला काहीतरी उमगलं असावं, कारण तिनं नवऱ्याला दंडाला धरून हळूच पलीकडे नेलं. मला ते बरं वाटलं, आणि त्या गर्दीच्या रस्त्यावरच्या दुकानात एकदम फार एकटंही वाटलं. चार-पाच माणसांचं. आमच्या घरात एका माणसाचं, तेही एक वाटी.

दुकानदारानं आवाज खाली आणून विचारलं, "घरात कुणी आजारी हाय का?"

"मंडळी," मी म्हणालो. "घशाखाली घास जात न्हाई."

त्यानं आतून तीन-चार खोकी काढली. प्रत्येकातलं चटणीचं लहान भांडं तेवढं बाहेर घेतलं, ओळीनं मांडलं आणि म्हणाला, "हे बघा. तुमचं काम यातच होईल." डब्यात उरलेलं आम्ही थोडंथोडं वाटून बघितलं. एकाचं पातं बुडापासून उंच होतं, त्यात खाली थर बसला. एकाच्या झाकणातून वरण उडालं. तिसऱ्यात भाकर साईसारखी झाली. गाळणीतून आपोआप खाली उतरली, वर काही राहिलं नाही. मी बोटानं भांड्याच्या आतून फिरवून बघितलं. गुळगुळीत. पेलाभर पाणी घालून फिरवलं की धुऊन होईल असं. रबराची रिंगही एकच.

मग तेच घेतलं. त्या लहान भांड्याबरोबर मोठं भांडं आणि चकत्याही होत्या. वेगळं मिळत नव्हतं. सुट्टीत मुलगी, नातवंडं येतील तेव्हा लागेल, असं मी मनाशी म्हणालो.

घरी खोकं उघडलं तेव्हा बायकोनं ते मोठं भांडं उचलून बघितलं, हातानंच विचारलं, हे कशाला? मी म्हणालो, "पोरगी आली की." तिनं ते परत कागदात गुंडाळलं, खोक्यात ठेवलं आणि खोकं कपाटावर टाकायला लावलं. मुलगी आली, पण धावतपळत, दवाखान्यापुरती. ते भांडं शेवटपर्यंत निघालं नाही.

लाइट सकाळी जायची, म्हणून उजाडायच्या आत उठून मी सगळं शिजवायचो आणि दिवसभराचं वाटून ठेवायचो. हळूहळू हात बसला. आधी नुसतं भिजवलेलं फिरवायचं, मग दूध थोडंथोडं सोडायचं. मेथीची भाजी वाटली की हिरवीगार पातळ व्हायची, ती तिला आवडायची. शेंगदाण्याचं कूट फार वेळ फिरवलं की तेल सुटायचं, ते आवडायचं नाही. ती खायची मात्र आतल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून. ओठाच्या कोपऱ्यातून गळायचं, ते मी बघू नये म्हणून. मी बाहेर बसून राहायचो.

आणि मी स्वतः केंद्रावरच जेवून यायचो. डबा नेऊन, उभ्याउभ्याच. घरात तिच्यासमोर भाकर मोडायची मला हिंमत होत नव्हती. घरी आलो की म्हणायचो, "जेवलोय मी." एका घरात दोन माणसं, आणि कुणी कुणाला जेवताना बघत नव्हतं. असं कितीतरी दिवस चाललं.

एका दुपारी मनात आलं ते मी केलं. दोन वाट्या वाटल्या. एक तिला दिली आणि दुसरी घेऊन आतल्या खोलीत तिच्याजवळ खाली बसलो.

तिनं माझ्या वाटीत बघितलं. "हे काय?"

"माझं जेवण."

"तुमाला दात हायत की."

"असू दे."

तिनं माझ्या हातातली वाटी काढून घेतली. उठून स्वयंपाकघरात गेली. परत आली ती ताटलीत सकाळची भाकर, एक कांदा आणि मीठ घेऊन. माझ्यापुढे ठेवलं. मी हात लावेना.

"चावा," ती म्हणाली. तिचे शब्द अडखळत यायचे, तरी हे स्पष्ट आले. "लई दिस झाले, घरात कुणी चावल्याचा आवाज न्हाई आला."

जेवताना आवाज करता म्हणून जन्मभर मला टोकणारी बाई ती. मी बुक्कीनं कांदा फोडला. भाकर वाळून कडक झाली होती, पहिला तुकडा तोंडात फिरता फिरेना. पण चावला. ती डोळे मिटून बसली आणि मधूनमधून आपल्या वाटीतलं चमच्यानं आत सोडत राहिली. भिंतीकडे तोंड केलं नाही. तिच्या हनुवटीवरून ओघळलं तेव्हा मी तिच्याच पदराच्या टोकानं पुसलं, आणि तिनं पुसू दिलं.

त्यानंतर आम्ही बरोबर जेवायला लागलो. ती फार बोलायची नाही, मीही नाही. कधी ती नुसती म्हणायची, "कांदा घ्या."

पाऊस पडला. शेजारचं घर उघडलं, मेंढरं परत आली. तोवर दुखणं मानेत उतरलं होतं. परत बार्शीला गेलो तर डॉक्टरांनी या खेपेला काही वाटायला, गाळायला सांगितलं नाही. घरी न्या म्हणाले. थंडीच्या दिवसांत ती गेली. आमच्या बुद्धविहारातली माणसं आली, पाहुणे आले, मुलगी काही दिवस राहिली आणि मग तिलाही जावं लागलं.

केंद्र बंद झालं नाही. दूध वाढलं, टेम्पो भरून यायला लागले, मी निवृत्त होईपर्यंत फॅट काढत राहिलो. संध्याकाळी स्वतःपुरत्या दोन भाकरी थापतो. कडा फाटतात, पण भाजल्या जातात. मुलीचा फोन सातच्या सुमाराला येतो आणि तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पप्पा, जेवलात का?"

मी हो म्हणतो. बऱ्याचदा तेव्हा तवाही ठेवलेला नसतो. पण नाही म्हटलं की ती विचारणार, अजून का नाही, आणि मग मला काहीतरी सांगत बसावं लागणार. फोन ठेवतो आणि पिठात पाणी घालायला घेतो.