प्रॉम्प्टरचं जादा फूल

पडदा वर जायला अर्धा तास होता. बल्गेरियातल्या डॅन्यूबकाठच्या आमच्या जुन्या नाट्यगृहात दिवे मंद झाले होते आणि रंगमंचापुढच्या खड्ड्यात प्रॉम्प्टर कामेन स्टोइलोव सूर्यफुलाच्या बिया सोलत बसला होता.

जन्मभर त्याने नटांना विसरलेली वाक्यं पुरवली. उतारवयात नाट्यगृहाची वेबसाइट गळ्यात पडली, तर तिथेही तेच. तिकीट खिडकीवरच्या त्सोंकाचा संगणक जख्ख म्हातारा. पण तिकिटं छापणारं यंत्र त्याच्याखेरीज कुणाचं ऐकत नसे. त्याच्या ब्राउझरला जावास्क्रिप्टचे नवे हुकूम ठाऊकच नव्हते. मग कामेन एकेका हुकमाला बदली लिहून द्यायचा. आधी ब्राउझरला विचारायचं, येतं का? येत असेल तर गप्प बसायचं, नसेल तर हळूच पुरवायचं.

आज आमच्या जुन्या नटी वेलिकाबाईंचा निरोपाचा प्रयोग. साऱ्या गावाने त्सोंकाच्या खिडकीवर फुलं नोंदवली होती. जितकी फुलं, तितकी चित्रं चिठ्ठीवर छापायची आणि फुलवालीने ती मोजून गुच्छ बांधायचे. 'हे चित्र इतक्यांदा काढ' हा हुकूम म्हाताऱ्याला येईना, म्हणून कामेनने बदली लिहिली. मोजणी शून्यापासून सुरू केली आणि अकरा हवीत तिथे अकरावर थांबवली.

त्सोंका धापा टाकत आली. "वर ये मेल्या! बाईंनी रंगपटाला आतून कडी घातलीय."

दाराआडून बाई कडाडल्या, "ह्याची बारा, त्याची आठ! सम फुलं कबरीवर वाहतात रे! गावाने मला पुरलंच, मग प्रेताने कशाला नाचायचं? मी येणार नाही."

कामेनने बोटांवर मोजलं. शून्य ते अकरा, म्हणजे बारा. त्याचं तोंड उतरलं.

"बाई, गावाने विषमच दिलीत. प्रत्येक गुच्छात एक फूल माझ्या चुकीचं आहे."

"मग काढून ने तुझं!"

कडी निघाली. कामेनने एकेका गुच्छातून एकेक फूल उपसलं. हात भरले.

"आता ती मोज," बाई म्हणाल्या.

त्याने मोजली. सम!

"बघ! आता तू मेलास."

तिसरी घंटा झाली. कामेनने त्यातलं कार्नेशनचं एक फूल तोंडात कोंबलं, चावलं आणि गिळलं. बाईंना असं हसू फुटलं की डोळ्यांचं काजळ गालावर आलं. त्या तशाच रंगमंचावर गेल्या.

दुसऱ्या अंकात त्यांचं वाक्य अडलं. त्यांनी खड्ड्याकडे पाहिलं. नेहमीची कुजबुज आलीच नाही. आला तो घोगरा आवाज, शेवटच्या रांगेपर्यंत:

"बाई, येतं का? माझ्या घशात पाकळी अडकलीय."