शकूची विहीणबाई

शकू गेल्याचं तिच्या जावेनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी नौबादच्या घरात तुरीची डाळ निवडत होते. "ताई, अक्का ऱ्हायली न्हाई," एवढंच ती बोलली. पुढचं मागच्या बायकांच्या रडण्यात बुडून गेलं. ताप तिनं अंगावर काढला होता. बिदरच्या दवाखान्यात नेताना वाटेतच जीव गेला... आता महिना उलटला.

संतपूरला आमची घरं एकमेकींपासून लांब होती, पण शेताला शेत लागून. आम्ही बौद्ध, ती कुणब्याच्या घरची. दोघी नव्यानंच नांदायला आलेल्या. ज्वारी खुडताना ओळख झाली आणि दुपारची भाकरी बांधावर एकत्र सुटू लागली. ते तिच्या सासूला खपत नसे. त्यात शकूला मूल झालं नाही. मग लग्नकार्यात हळद लावायला, ओटी भरायला तिला कुणी पुढं बोलवेना. ती मागं पुऱ्या लाटत बसायची. "कामून गप बसलीस?" विचारलं की म्हणायची, "हात चालायलेत की. तोंडाचं काय काम हाय?"

नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही बिदरजवळ नौबादला आलो. माझ्या प्रणालीचं लग्न ठरलं तेव्हा मी पहिला फोन शकूला केला. ती लग्नाआधी चांगली आठवडाभर येऊन राहिली. पापड, शेवया, पाहुण्यांची लुगडी, सगळ्यात तिचा हात. त्या धांदलीत प्रणालीच्या डोक्यात आलं की मोबाईलवर आपलाच एक विनोदी सिनेमा काढायचा. दोन जिवाभावाच्या मैत्रिणी विहिणी होतात आणि लग्नाच्या तयारीत साखरेच्या दाण्यावरून भांडतात, अशी गोष्ट. मी मुलीची आई. शकू वरमाय.

मला वाटलं, ती नको म्हणेल. तिनं माझ्या नवऱ्याचा चष्मा नाकावर चढवला, खुर्चीत पाय पसरून बसली आणि म्हणाली, "च्यात साखर कमी हाय. मी मांडवात यायची न्हाई." मी हात जोडले, तर म्हणाली, "पाया पड. तरीबी यायची न्हाई." एवढं बोलून तिलाच हसू फुटलं. चष्मा घसरला, ती भिंतीला टेकून डोळे पुसत हसत राहिली. प्रणालीनं ते तसंच ठेवलं. रात्री भांडी घासताना शकू मला म्हणाली, "माझ्या नशिबी विहीण व्हणं नव्हतं बघ. खोटंच का हुईना, झाले." मी तिच्या हातातलं पातेलं घेतलं.

परवा संतपूरला गेले. पडवीत तिची सासू एकटीच बसली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाली, "आत ये." थोड्या वेळानं विचारलं, "तुज्या पोरीच्या फोनात ती हाय म्हणं. दाखव."

मी पडवीत तिच्या शेजारी बसून प्रणालीनं माझ्या फोनवर पाठवलेला तो सिनेमा लावला. म्हातारीनं फोन डोळ्यांजवळ धरला.

"ही आमची शकू व्हय?"

"व्हय, मामी."

"एवढं हसायची?"

शकूची जाऊ चुलीपुढनं उठून दारात येऊन उभी राहिली. शकूचं हसणं संपलं, फोन काळा झाला. तरी म्हातारी त्याच्याकडंच बघत होती.

"पुन्यांदा लाव," ती म्हणाली.

मी लावलं.