माझ्या कंपनीची पहिली तालीम

झाडीपट्टीत आम्हा नट्यांना ‘लेडीज’ म्हणत. एकटी आली तरी लेडीज, चौघी आल्या तरी लेडीज. धान कापून मळून झालं की चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या गावांत शंकरपट भरायचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, आणि पट म्हटला की नाटक आलंच. नाटकातले पुरुष गावचेच असत. मास्तर नायक, पाटील खलनायक, शिंपी विनोदी, असा मामला. लेडीज मात्र बाहेरून बोलवायच्या. अशी बोलावलेली नायिका मी बारा वर्षं होते.

कामाची रीत साधी होती. दुपारच्या बसने गावात पोचायचं, कुणाच्या तरी घरी भात-भाजी खायची आणि गावच्या पुरुषांबरोबर एकदा पुस्तक वाचून घ्यायचं. हीच तालीम. रोज नवं गाव, रोज नवा नायक. माझं पाठांतर पक्कं, त्यामुळे समोरचा चुकला की त्याचंही वाक्य मीच माझ्या वाक्यात घालून पुढे न्यायचे. चिमूरकडचा एक नायक तर माझा हात धरायच्या आधी पुढे बसलेल्या बायकोकडे बघायचा आणि तिने मान हलवली की मगच धरायचा. मला हसू आवरायचं नाही आणि प्रवेश असायचा रडण्याचा.

माझे वडील चंद्रपूरला कोळशाच्या खाणीत होते. आमचं बौद्धांचं घर. लहानपणी जयंतीला मी गाणी म्हणायचे, तिथूनच कुणीतरी मला नाटकात नेलं. वडिलांनी एकच अट घातली होती, जाशील तशी परत ये, मान वर करून. ती मी पाळली. पण बारा वर्षांत माझ्या डोक्यात एक किडा शिरला होता. नाटक कुठलं करायचं, कुणी काय करायचं, पडदा कधी पाडायचा, हे सगळं दुसरे ठरवत आणि मी फक्त रडायचे. हे मला पटेनासं झालं. मला माझी स्वतःची कंपनी हवी होती.

गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन तीन-चार वर्षं झाली असतील तेव्हा. वडशाला दोन-चार जणांनी नाटक कंपन्या काढल्या होत्या. पूर्ण संच, पुरुषसुद्धा कंपनीचेच. मी काढते म्हटल्यावर तिथले एक मालक पान चघळत म्हणाले की बाई, एक प्रयोग कर, दुसऱ्याला तुझे पुरुषच पळून जातील. मला असा राग आला की त्याच आठवड्यात मी माणसं जमवली. रजा टाकून आलेला एक एसटी कंडक्टर नायक, एक शिंपी, दोन शिक्षक, आणखी चौघे. बायकांत मी, एक प्रौढ बाई आणि नायिकेच्या धाकट्या बहिणीच्या कामासाठी मूल गावची एक एकोणीस वर्षांची मुलगी. पहिला प्रयोग पडला असता तर वडशात माझ्या नावावर कुणीही बुकिंग घेतलं नसतं आणि हे आठ जण दुसऱ्या दिवशी आपापल्या कामाला लागले असते. हे मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं.

पहिलं बुकिंग चिमूरकडच्याच एका गावाने दिलं. मंडळाचे सचिव दिवाळीआधी घरी आले, चहा प्यायले आणि पटाची तारीख देऊन गेले. नाटक कुठलं तेही ठरलं. त्या रात्री मला आनंदाने झोप लागली नाही, मी आईला उठवून उठवून सांगत होते.

पटाच्या दिवशी आम्ही मेटाडोरमधून गावात शिरलो. पडद्यांची गुंडाळी वर, आम्ही खाली, कंडक्टर मोठ्याने गात होता. शाळेसमोर मंडळी स्वागताला उभी होती. मी उतरले आणि बघते तर आठ पुरुष ओळीने उभे, सगळ्यांच्या मिशा ताज्या काढलेल्या, केस मानेपर्यंत वाढवलेले, एकाच्या हातात आमच्याच नाटकाचं पुस्तक, कोपरे दुमडून दुमडून पार चिंध्या झालेलं.

सचिव हसत पुढे आले. "या जी बाई, आमचे कलाकार तयार आहेत. दिवाळीपासून तालीम करून राह्यलो आमी." मग त्यांची नजर माझ्यामागे उतरणाऱ्या आठ पुरुषांवर गेली. "हे कोन होत?"

त्या गावाने आजवर फक्त लेडीजच बोलावल्या होत्या. पुरुषही बाहेरून येतात हे त्यांच्या डोक्यात येण्याचं काही कारण नव्हतं, आणि कंपनी म्हटलं की पुरुष आलेच हे मी गृहीत धरलेलं. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. एका नाटकाला दोन नायक, दोन खलनायक, दोन बाप.

शाळेच्या वर्गात बैठक बसली. गावचे नायक म्हणजे तिथले पोस्टमास्तर, गोरेपान, आवाज खणखणीत. ते म्हणाले की मी मिशी काढली, आता मागे हटणार नाही. माझा कंडक्टर म्हणाला की मी रजा टाकली, मीही हटणार नाही. मंडळाचे अध्यक्ष वयस्कर होते, शांतपणे बोलले. पटाला घरोघरी लेकी-जावई, व्याही आलेले. आपला माणूस आज नायक होणार, आपला भाऊ दारोगा होणार, असं सांगून बोलावलेले. त्यांना आता काय तोंड दाखवायचं? मग त्यांनी तोडगा सुचवला. ठरल्याप्रमाणे सगळं देतो, तुमच्या माणसांना जेवू घालतो, तुम्ही फक्त नेहमीसारखं आमच्या माणसांबरोबर काम करा.

म्हणजे मी पुन्हा लेडीज. सोपं होतं, खोटं कशाला बोलू, क्षणभर मोहही झाला. पण माझे आठ पुरुष भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होते. त्या वेळी हो म्हटलं असतं तर कंपनी तिथेच संपली असती. आणि नाही म्हटलं असतं तर गाव नाटकाला आलंच नसतं.

मी उठले आणि म्हटलं, आत्ता तालीम घेते, सगळ्यांची. प्रत्येक कामासाठी दोघांनी एकेक प्रवेश वाचायचा. जो चांगला करेल तो आज उभा राहील, मग तो गावचा असो की कंपनीचा. माझ्या आवाजात एवढा जोर कुठून आला कुणास ठाऊक, पण दोन्हीकडचे पुरुष पुस्तकं काढून पुढे सरकले.

आणि काय मजा आली म्हणून सांगू! खिडक्यांत गाव लटकलेलं. बैल सोडून गाडीवान आले, लेकरं कडेवर घेऊन बाया आल्या. बापाचं काम गावचा एक शेतकरी करत होता, अंगठा छाप, बायकोने वाचून वाचून पाठ करून घेतलेलं. त्याने लेकीला निरोप दिला आणि माझ्या कंपनीचा बाप स्वतःच म्हणाला, "यालेच घ्या." खलनायक माझा शिंपी भारी पडला. दारोगा गावचा. विनोदी पात्र गावचंच, त्याला बघूनच लोक हसत होते. पोस्टमास्तर मात्र प्रत्येक वाक्य तार वाचल्यासारखं म्हणत होते. मी कंडक्टरला नायक ठरवलं.

पोस्टमास्तरांचा चेहरा पडला. मग तो लाल झाला. ते उठून म्हणाले, "सगळ्यांची परीक्षा घेतली बाई तुमी. मंग तुमची काऊन नाई?"

खरं तर मी हसून टाळू शकले असते. मालकीण मी, नायिका मी, बोलावणं माझ्या नावावर. पण प्रश्न खरा होता. मी मूलच्या मुलीला पुढे बोलावलं आणि म्हटलं, नायिकेचा निरोपाचा प्रवेश आधी मी म्हणते, मग तू वाच. ती घाबरून नाही नाही करू लागली. मी पुस्तक तिच्या हातात कोंबलं.

आधी मी म्हटलं. बारा वर्षं म्हटलेलं, सगळं जागच्या जागी. हुंदका कुठे, थांबायचं कुठे, पदर कधी डोळ्यांना लावायचा. खिडक्यांतून टाळ्या पडल्या. मग ती मुलगी उभी राहिली. पहिली दोन वाक्यं अडखळली, त्यातलं एक चुकली. तिसऱ्यापासून मात्र ती बापाला खरंच सोडून निघाली. तो शेतकरी पुढचं वाक्य विसरून तिच्याकडे बघत राहिला. ती थांबली तेव्हा टाळ्या पडल्याच नाहीत. वाजवायच्या असतात हे कुणाला आठवलंच नाही.

बत्तीस वर्षांची मी अठरा वर्षांची नायिका करत होते, आणि इतकी वर्षं लोक मला बघायला येत होते, नायिकेला नव्हे. हे कळायला मला दुसरीला ऐकावं लागलं. राग आला, रडू आलं. त्याच वेळी छाती आनंदाने धडधडू लागली, कारण एवढं मोठं काम माझ्या कंपनीत होतं आणि ते मी शोधून आणलं होतं.

मी म्हटलं, नायिका ही करेल. बहिणीचे दोन प्रवेश कापून टाकते, मालकिणीला तेवढा अधिकार असतो.

अध्यक्ष गडबडले. लोक तुमच्यासाठी आले आहेत, बाई, असं दोनदा म्हणाले. पोस्टमास्तर मात्र माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "प्रॉम्प्टिंगले बसू का मी? मले सगळं पाठ आहे." आणि खरंच, त्या रात्री विंगेतून त्यांनी दोन्हीकडच्या माणसांना असं सांभाळलं की एकही प्रवेश पडला नाही.

पडदा वर गेला तेव्हा मी रंग न लावता, डोक्यावरून शाल घेऊन, पार मागे भाताच्या तणसावर बायांच्यात बसले होते. नाटक मी कधी समोरून पाहिलंच नव्हतं. निरोपाचा प्रवेश आला. माझ्या शेजारच्या बाईने नाक पुसलं आणि माझ्या कानाशी लागून म्हणाली, "ते मोठी नटी येणार होती म्हने, आलीच नाई. पन बरं झालं जी. हे पोरगी पाहा कशी करून राह्यली."

मला तिचा हात धरून ओरडावंसं वाटत होतं. डोळ्यांतलं पाणी मी शालीने पुसलं.

"मीच आणली तिले," मी म्हटलं.