तळ्याभोवतीच्या साड्या

डिंगोऱ्याचा कुंडलिक म्हणजे एक नंबरचा हट्टी माणूस. बायको गेली तेव्हा तेराव्यापर्यंत त्याने डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. पुढे लांबच्या कुणाचा फोन आला आणि "कुशाबाई बरी हाय का?" असं विचारलं, की गडी मुकाट्याने मोबाईल सुनेच्या, आरतीच्या हातात द्यायचा. ती गेली, एवढं काही त्याच्या तोंडून निघत नव्हतं.

कुशाबाईच्या मागे तिचे सात पांढरे हंस राहिले. बिबट्याने वस्तीवरचं कुत्रं उचललं, तेव्हा नारायणगावच्या बाजारातून तिने पिल्लं आणली होती. चाहूल लागली की हंस वस्ती डोक्यावर घेतात, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. बिबट्या पुन्हा आला की नाही देव जाणे, हंस मात्र दिवसभर तिच्या मागे हिंडायचे. ती गेल्यावर कुंडलिकने ते शेजारच्या सयाजीला देऊन टाकले. त्यांचं ओरडणं त्याला ऐकवत नव्हतं.

पण सयाजीकडे ते नावालाच राहिले. उजाडलं की बांध ओलांडून कुंडलिकच्या शेततळ्यावर हजर. पाण्यात घाण, ठिबकच्या फिल्टरमध्ये पिसं, आणि काठावरचा प्लॅस्टिकचा कागद चोचींनी ओढून सैल केलेला. कागद फाटला असता तर सगळं पाणी जमिनीत मुरलं असतं आणि उन्हाळी टोमॅटो उभे वाळले असते. कुंडलिकने डबे बडवले, फटाके लावले. हंस तेवढ्यापुरते बाजूला व्हायचे.

मग त्याने गावात सगळे करतात तेच करायचं ठरवलं. रानडुकरं येऊ नयेत म्हणून पिकाभोवती जुन्या साड्या बांधतात, तशा तळ्याभोवती बांधायच्या. त्याने कुशाबाईची पेटी उघडली.

"मामा, आत्यांच्या साड्या ऱ्हाऊ द्या. मी माझ्या देते," आरती म्हणाली.

"पेटीत कसर लागायची त्यांना. त्यापरीस कामाला तरी येतील."

संध्याकाळपर्यंत त्याने बांबू रोवून चारी बाजूंनी साड्या ताणल्या. सकाळी काठी घेऊन बांधावर बसला. हंस आले, साड्या बघून थबकले. जमलं, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात पुढचा हंस मान लांब करून निघाला. पाण्याकडे त्याने बघितलंही नाही. कुशाबाई रोज नेसायची ती हिरव्या काठाची साडी जिथे बांधली होती, तिथे जाऊन तो उभा राहिला. बाकीचेही मागोमाग आले. वाऱ्याने पदर हलला की सातही जण माना वर करायचे. ती सकाळी ओच्यातून बाजरी टाकायची, त्याची वाट बघत होते.

कुंडलिकने काठी उगारली, पण हात खाली आला. त्याने ती साडी सोडली, खांद्यावर टाकली आणि घराकडे निघाला. हंस एका रांगेत मागून आले, थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत, आणि आत डोकावत उभे राहिले.

तो उंबऱ्यावर बसला. साडीचा बोळा त्याने छातीशी घट्ट धरला होता.

"न्हाई ती आता," तो हंसांना म्हणाला. "गेली ती."

आत आरती भाकरी थापायची थांबली. हंस दारातून हलले नाहीत.