हुकूमसाहेब आणि काट्यावरचं मशीन

आमच्या कॉम्प्युटर विभागाच्या साहेबांना आम्ही माघारी हुकूमसाहेब म्हणायचो. सकाळी आल्या आल्या, चहासुद्धा न घेता, ते कुणाची ना कुणाची फाईल उघडायची परवानगी काढून घेत. का, तर काल त्याने नमस्कार केला नव्हता! "माझ्या हुकमाशिवाय इथं अक्षर हलत नाही," असं छाती फुगवून सांगत. नव्वदच्या दशकात श्रीगोंद्याकडच्या आमच्या साखर कारखान्यात सर्व्हर आला आणि या गृहस्थांना जहागीरच मिळाली.

बरं, माहिती तरी असावी! ऊसवजनाची फाईल सर्व्हरवर, आणि वजनकाट्यावरचं मशीन ती केबलमधून उघडायचं. दर वेळी सर्व्हरला विचारत बसायला नको म्हणून परवानगीचं आधीचं उत्तर ते थोडा वेळ लक्षात ठेवायचं; म्हणजे सर्व्हरवर परवानगी काढून घेतली तरी काट्यावर ती घडीभर चालायची. पुण्याच्या इंजिनिअरने फोनवर हे समजावलं, तर साहेब म्हणाले, "मी काढली म्हणजे काढली. मशीन कोण लक्षात ठेवणारं?" आता काय बोलणार, कप्पाळ!

याचा फटका बसला मेरीताईंना. काट्यावर वर्षानुवर्षं नोंदी त्याच करायच्या. एकदा उसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना साहेबांनी न सांगता त्यांची परवानगी काढून घेतली, आणि तरीही ताईंची पुढची नोंद फाईलमध्ये उमटली. झालं! "चोरून शिरल्या!" म्हणत साहेबांनी चेअरमनकडे त्यांच्या बडतर्फीची मागणी केली. ताईंच्या घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच. माझं तर टाळकंच फिरलं.

शहानिशा करायला चेअरमन स्वतः काट्यावर आले. साहेबांचा उत्साह काय वर्णावा! त्यांनी स्वतःच्या नावाने फाईल उघडून एक नोंद केली, सर्व्हरच्या खोलीत फोन लावून स्वतःचीच परवानगी काढून घ्यायला लावली आणि म्हणाले, "आता बघा, हे मशीन मला कसं हाकलतं!" लगेच दुसरी नोंद केली. तीही निमूट उमटली.

चेअरमन मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "मग काय साहेब, तुमीबी चोरच म्हनायचं का?"

बडतर्फी तिथंच बारगळली. माफी मागणं दूरच, साहेब ओशाळं हसत ताईंना म्हणाले, "मशीनच खुळं आहे हो."

ताई चष्मा पुसत उठल्या. "खुळं कसलं, साहेब? मी कोन हाय ते त्यानं घडीभर तरी ध्यानात ठिवलं. तुमी तर मला लई वर्सं बघताय. तुमी तेवढंबी न्हाई ठिवलं."

साहेब खाली मान घालून सर्व्हरच्या खोलीकडे चालू लागले. आणि खरं सांगतो, त्या माणसाची मला पहिल्यांदाच दया आली.