आतली कडी

आमच्या माधव नगरच्या महिला मंडळाची मिटिंग दर मंगळवारी आरतीनंतर असते. मिटिंगमध्ये ठराव कमी आणि किस्से जास्त. गेल्या वर्षभरात तर ते इतके साठलेत, की एक सांगायला घ्यावा तर दुसरा आपोआप पुढे येऊन बसतो. बहुतेक किश्श्यांत रेखा शहाणी ठरते आणि मी नाही. तरी सांगते. देवाधर्माचं करणाऱ्या बाईनं लपवाछपवी करू नये.

*

झालं असं, की देवास गेटजवळची एक जुनी धर्मशाळा मंडळाला वापरायला मिळाली. आठ खोल्या. नदीच्या घाटावर, बस स्टँडवर वर्षानुवर्षं उघड्यावर राहिलेल्यांना तिथे कायमचं घर द्यायचं, जोडीला औषधपाणी, कागदपत्रं, आणि रोज विचारपूस करायला आमच्यापैकी एकजण, अशी योजना.

नियम लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी आजवर इतकी व्रतं केली आहेत, की नियम म्हटले की माझा हात आपोआप चालतो. दोन दुपारी बसून एकवीस नियम काढले. सुवाच्य अक्षर, चारी बाजूंनी वेलबुट्टी.

रेखा आमच्यात सगळ्यात नवी. नवरा रेल्वेत, नागपूरहून बदलीवर इकडे हिंदी मुलखात आलेली. तिनं पहिलाच नियम मोठ्यानं वाचला, "स्नान करून, शुद्ध होऊनच आत प्रवेश करावा." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "वहिनी, पण बाथरूम आतच आहे ना?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येऊन यांना सांगितलं, तर पेपरातून मान वर न काढता हे म्हणाले, "एकवीस नियम असते तर मी तरी या घरात कुठे टिकलो असतो?"

शेवटी नियम दोनच उरले. मारामारी करायची नाही, आणि किल्ली ज्याची त्याच्याकडे. दोन्ही रेखाचे. वेलबुट्टी तेवढी माझी ठेवली.

*

पहिले राहायला आले ते बाबूलालजी. पूर्वी हातगाडी ओढायचे, मग बस स्टँडच्या शेडखाली आयुष्य काढलं. खोलीत कपाट दिलं, पण गाठोडं काही सोडेनात. रोज सकाळी दारात येऊन विचारायचे, "बहनजी, कब तक खाली करना है?"

मी त्यांना मंडळाचा ठराव वाचून दाखवला. शिक्क्यासकट. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "बहनजी, कब तक?"

रेखानं काही वाचून दाखवलं नाही. पेंटरकडून 'बाबूलाल' अशी पाटी रंगवून आणली आणि दारावर ठोकली. बाबूलालजी बराच वेळ पाटीसमोर उभे राहिले. मी म्हटलं, आता रडणार बहुतेक.

"इसमें 'श्री' नहीं लिखा," ते म्हणाले.

त्या दिवसापासून खाली करायचं विचारणं बंद. मला पाटी का नाही सुचली, हे मी दोन दिवस स्वतःला विचारत होते.

*

राम घाटावरच्या रामप्यारी अम्मा मात्र माझ्या. असं म्हणू नये, पण मला तसंच वाटायचं. घाटाच्या पायऱ्यांशी त्यांचं बिऱ्हाड, आणि कित्येक वर्षं दर सोमवारी माझा साबुदाण्याच्या खिचडीचा डबा. त्यांना खोलीचं विचारायला मी रेखाला बरोबर नेलं. चूक तिथेच झाली.

रेखा सरळ पायरीवर बसली आणि म्हणाली, "अम्मा, चाय मिलेगी?"

अम्मांनी तीन विटांच्या चुलीवर चहा केला. रेखा फुंकर मारत प्यायली, वर आणखी अर्धा कप मागितला. मी उभी. माझा उपास होता. आणि खरं सांगायचं तर नसता, तरी मी घेतला नसता.

निघताना अम्मा म्हणाल्या, "रेखा बिटिया, तू कहे तो चलूँगी." मग माझ्याकडे वळून, "और सोमवारवाली, डब्बा ले जा अपना."

*

अम्मा आल्या, किल्ली गळ्यात बांधली, पण खोलीत झोपेनात. सकाळी जावं, तर त्यांचं अंथरूण व्हरांड्यात, दाराला टेकून. धर्मशाळेचे ट्रस्टी म्हणाले, मार्गशीर्ष लागेपर्यंत बघू, नाहीतर खोली गरजू माणसाला द्या. म्हणजे अम्मा पुन्हा घाटावर.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी मी सोळा सोमवार धरले. महादेवा, अम्मांना दार लावून स्वस्थ झोपू दे. आणि ते माझ्यामुळे होऊ दे. हे दुसरं मी मनातल्या मनात म्हटलं, पण त्याला सगळंच ऐकू येतं.

दर सोमवारी मी समजावायची. अंदर पंखा है, अंदर गादी है. अम्मा मान डोलवायच्या. माझा अकरावा सोमवार होता, तेव्हा रेखानं नुसतं विचारलं, "अम्मा, बाहर क्यों सोती हो?"

"लो, अंदर सो जाऊँ तो मेरे कमरे की रखवाली कौन करेगा?"

रेखानं दार आतून बघितलं. कडीच नव्हती. मग मंडळातल्या, बरोबर आलेल्या सगळ्याजणींनी माझ्याकडे बघितलं. वयस्कर माणसं, आत काही झालं तर दार उघडता आलं पाहिजे, म्हणून आठही खोल्यांच्या आतल्या कड्या मीच काढायला लावल्या होत्या. माझी एकमतानं पास झालेली ती एकच सूचना.

दुसऱ्या दिवशी कड्या बसल्या. सगळ्या रेखाचं कौतुक करत होत्या. अम्मांचं अंथरूण मात्र बाहेरच राहिलं. मला वाईट वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं. महादेवानं तेही ऐकलं असेल.

*

सतराव्या सोमवारी उद्यापन. मार्गशीर्ष तोंडावर आला होता. देवाला नैवेद्य दाखवून चुरम्याचा डबा घेतला आणि भर दुपारी धर्मशाळेत गेले. व्हरांड्यात अंथरूण नव्हतं. घाटावर गेल्या वाटतं.

बाबूलालजी तुळशीला पाणी घालत होते. म्हणाले, "कल शाम से अंदर हैं. अंदर से कुंडी लगाने की आवाज़ आई थी."

मी दार ढकललं. हललं नाही. वाजवलं.

"कौन?"

"मैं, अम्मा. सोमवारवाली."

"सो रही हूँ. बाद में आना."

"अम्मा, आज सोमवार है."

"तो क्या हुआ? मंगल को आ जा. चाय पिलाऊँगी."

मी तशीच रेखाकडे गेले. ती पोळ्या लाटत होती. सगळं सांगितलं. तिनं गॅस बंद केला.

"दारातून परत पाठवलं? स्वतःच्या घरातून पाठवावं तसं? तुम्हाला?"

"हो. कडीसुद्धा काढली नाही."

रेखानं लाटणं खाली ठेवलं. मग तोंड एवढंसं करून म्हणाली, "मला तर अजून एकदाही नाही पाठवलं हो, वहिनी."

चुरमा मी तिला जरा जास्तच वाढला.