मोटर कुणी भरली?

मार्गशीर्षातली थंडी मुखेडात अशी शिरली होती, की कोर्टाच्या आवारातला कावळासुद्धा अंग फुगवून बसला होता. साडेदहा वाजून गेले तरी ऊन काय ते दक्षिणेच्या भिंतीपाशी, धोतराएवढ्या पट्ट्यात. सरकारी वकील वर्षाराणीबाई आल्या त्या थेट तिकडंच वळल्या. थंडीच्या दिवसांत त्यांचं पहिलं काम तेच, आपले साक्षीदार उन्हातून उठवायचे.

अकरा वर्षांच्या नोकरीत बाईंचा पक्का अभ्यास झाला होता, की साक्षीदार थंडीत जास्त फितूर होतात. फिर्यादी, आरोपी, पंच, सगळे एकाच भिंतीला टेकतात. एकाची तंबाखू, दुसऱ्याचा चुना. पुकारा होईस्तोवर खटला भिंतीपाशीच मिटतो आणि आत बाई एकट्या उभ्या राहतात.

आज उशीर झाला होता. जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळून ती भरून देणारा रेवणप्पा आरोपी बबलूला खेटून भुईमुगाच्या शेंगा फोडत बसला होता.

"भुजंग!" बाईंनी खटल्यांचं काम बघणाऱ्या पैरवीच्या हवालदाराला हाक मारली. "अहो, त्याला उठवा की!"

"दोनदा उठवलं मॅडम," भुजंग म्हणाला. "परत जाऊन बसून राहिला. म्हणतो, सावलीत गुडघे धरतेत."

खटला तीन एचपीच्या मोटरीचा. फिर्यादी कावेरीबाईंच्या विहिरीवरून ती चोरीला गेली. पोलिसांनी वर्षभर शोधली आणि चोर सापडत नाही म्हणून कागद बांधून ठेवले. पुढं बबलूनं मोटर दुरुस्तीला आणली ती नेमकी रेवणप्पाकडं. रेवणप्पानं झाकण उघडलं, आपलं काम ओळखलं आणि कावेरीबाईंना फोन लावला. बबलूचं म्हणणं, मी बाजारात विकत घेतली. निकाल लागेपर्यंत कोर्टानं मोटर कावेरीबाईंच्या ताब्यात दिली होती, बोलावू तेव्हा हजर करायच्या अटीवर. आज त्या ती ऑटोत घालून आल्या होत्या. रेवणप्पा फिरला, तर ती बबलूच्या घरी जाणार होती.

"बाई, गहू फुटव्यावर हाय," कावेरीबाई म्हणाल्या. "मोटर गेली तर म्या काय घागरीनं पाणी देऊ का?"

पुकारा झाला. रेवणप्पा पिंजऱ्यात उभा राहिला.

"ही मोटर ओळखता?" बाईंनी विचारलं.

रेवणप्पानं मोटर सोडून छताकडं बघितलं. "मोटरी लई येतेत मॅडम. आता ध्यानात न्हाई."

"तुम्ही भरलेली आहे का?"

"सांगता येत न्हाई."

बबलू खाली मान घालून हसला. मागच्या बाकावर कावेरीबाईंनी पदर तोंडाला लावला. बाईंनी साक्षीदार फितूर झाल्याचं सांगून उलटतपासाची परवानगी मागितली. न्यायाधीशसाहेबांनी ती न विचारताच दिल्यासारखी दिली. त्या आठवड्यातला हा तिसरा.

एरवी बाई इथं चिडायच्या, पोलिसांपुढचा जबाब साक्षीदाराच्या नाकासमोर नाचवायच्या. आज त्यांनी मोटरीचं झाकण उघडायची परवानगी मागितली. भुजंग पाना शोधायला निघाला, तोवर रेवणप्पानं सवयीनं खिशातून काढून दिलासुद्धा.

चष्मा सावरून बाई मोटरीवर वाकल्या.

"बरोबर आहे तुमचं, रेवणप्पा. हे तुमचं काम नसणारच. तार नुसती कोंबलीय. सूत तर पोत्याचं तोंड शिवल्यासारखं. कुणीतरी शिकाऊ असेल."

रेवणप्पाची नजर छतावरून खाली आली.

"असली मोटर एका हंगामात जळत असेल, नाही?"

"कोण म्हणलं?"

"मी म्हणते."

"तुमी म्हणून काय व्हतंय? पाच वर्सं पाणी वढलंय हिनं! त्यांच्या वाडीच्या कमी दाबाच्या लाईटीवर दुसऱ्याची मोटर आठ दिस टिकत न्हाई!"

"साहेब, हरकत आहे!" आरोपीचे वकील उमाशंकर ताडकन उठले.

"बसा वकीलसाहेब," रेवणप्पा म्हणाला. "तुमची बी मोटर म्याच भरलीया." मग तो साहेबांकडं वळला. "ही पिवळ्या सुताची दुहेरी गाठ बघा. आख्ख्या तालुक्यात दुसरा कोण मारत असंल तर आणा त्याला हितं!"

"मग मोटर भरली कुणी?" बाईंनी हळूच विचारलं.

"म्या! कावेरीबाईच्या विहिरीवर दोन दिस बसून! त्यांच्या घरची भाकर खाऊन!"

टंकलेखकाची बोटं तेवढी वाजत राहिली. आपण काय बोललो ते रेवणप्पाच्या टाळक्यात जरा उशिरानं उतरलं. त्यानं बबलूकडं बघितलं.

"काय करू बबल्या? इज्जतीचा सवाल हाय."

उमाशंकरांनी दोन प्रश्न विचारले आणि ते खाली बसले. आठ दिवसांनी निकाल लागला. बबलूला सहा महिने, मोटर कावेरीबाईंची. त्यांनी बाईंना तिथल्या तिथं हात जोडले आणि त्या पळतच निघाल्या. शेतावर दोनला लाईट येणार होती.

वर्षाराणीबाईंनी निकालाच्या प्रतीसाठी अर्ज लिहून दिला. घरी जाताना बाजारातून मेथीच्या दोन जुड्या घेतल्या आणि संध्याकाळी त्या निवडत बसल्या. एका जुडीत निम्मं गवतच निघालं.